रस्ता बंद होता तो आठवडा

दसरा होऊन आठ दिवस झाले तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. एरवी या दिवसांत दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीत गच्च्यागच्च्यांवर गाद्या वाळत पडलेल्या असतात. त्या वर्षी घाटावरचा पुराचा गाळ एकदा धुऊन झाला होता, तर गंगा पुन्हा पायऱ्या चढून आली आणि नवा गाळ टाकून गेली. नेमक्या त्याच आठवड्यात नवऱ्याच्या आत्या सांगलीहून आल्या.

राहणार होत्या दोनच दिवस. इथून गाडीनं हरिद्वार आणि तिथून टूरबरोबर बद्रीनाथ. बहात्तर वर्षांच्या, शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. निघायच्या सकाळी टूरवाल्याचा फोन आला तो मीच घेतला.

"भाभीजी, ऊपर बर्फ गिर गई है. रास्ता बंद है. माताजी को अभी मत भेजिए."

"कब तक?"

"बस, दो दिन."

दोनाचे चार झाले, चाराचे पाच. फोन करावा तर तो पुन्हा "बस, दो दिन"च म्हणायचा. आत्यांनी बॅग उघडलीच नाही. वरच्या पिशवीतल्या दोन साड्या आलटून पालटून धुवायच्या, नेसायच्या आणि दर तासाला विचारायच्या, "आला का गं फोन?"

दोन खोल्यांचं आमचं घर. वीज सारखी जायची, पंखा बंद, दोऱ्यांवर ओले कपडे आणि घरभर कुबट वास. मी शाळेत शिकवते. अर्धवार्षिक परीक्षेच्या दोन वर्गांच्या कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, तपासायच्या राहिल्या होत्या आणि मुख्याध्यापिका, आमच्या बड्या बाई, रोज आठवण करून देत होत्या. गल्लीतल्या चिखलातून शाळेत जाऊन यायचं, मग स्वयंपाक, मग कॉप्या. नवरा बँकेतून आला की आत्यांशी गप्पा मारत बसायचा. मला म्हणायचा, "तिचं मन रमव जरा."

पाचव्या दिवशी शाळेतून आले तर आत्यांनी धुतलेली साडी माझ्या टेबलावरच्या दोरीवर टाकलेली. पाणी ठिबकून वरच्या दहा-बारा कॉप्यांची शाई पार पसरली होती. माझा तोल सुटला.

"आत्या, बर्फ काही मी पाडलेला नाही! पाच दिवस झाले, मी एकटीनं कुठं कुठं पुरं पडायचं?"

त्या उठल्या. साडी काढली, मोरीत नेली आणि पिळण्यासारखं फारसं उरलेलं नसताना पिळत बसल्या. मी कॉप्या जमिनीवर पसरून वर्तमानपत्रानं टिपत होते.

तेवढ्यात लेक फोन घेऊन त्यांच्याकडे गेली. बिचारीला वाटलं, आजी खूश होईल. "आत्याआजी, देखो ना, बद्रीनाथला कसला बर्फ पडलाय!"

आत्यांनी तिचा हात बाजूला सारला. "हे नको दाखवूस मला."

मग बाहेर येऊन माझ्याजवळ खाली बसल्या आणि एक कॉपी टिपायला घेतली. टिपता टिपता म्हणाल्या, "देवासाठी निघाले असं मी सगळ्यांना सांगितलंय. देव काय, इथं मंगला गौरीच्या देवळात गेले तरी भेटतो. मला बर्फ हातात घ्यायचा होता. शाळेत भूगोलाच्या बाई आल्या नाहीत की मला वर्गावर पाठवायचे. मुली विचारायच्या, बर्फ कसा असतो? मी सांगायचे, भुसभुशीत असतो. पुस्तकात वाचलेलं."

"आणि तोच पडला म्हणून रस्ता बंद झाला," माझ्या तोंडून निघून गेलं.

"हो ना," त्या म्हणाल्या आणि दुसरी कॉपी उचलली.

मला वाईट वाटलं, पण राग गेला असं नाही. भिजलेल्या कॉप्यांचे गुण मला अंदाजानं द्यावे लागले आणि शाळेत त्यावरून बोलणी खावी लागली.

सातव्या दिवशीही रस्ता बंदच. नवऱ्यानं परतीचं तिकीट काढलं. स्टेशनवर मी म्हटलं, "उन्हाळ्यात या, तेव्हा जाता येईल."

"तोपर्यंत गुडघे राहिले तर," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी ओरडले त्याबद्दल मला काहीतरी बोलायचं होतं. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून सांगितलं, "पाण्याची बाटली आडवी ठेवू नका, गळते."

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. मी गच्चीवर गाद्या टाकत होते तेव्हा टूरवाल्याचा फोन आला. "भाभीजी, रास्ता खुल गया. माताजी को भेज दीजिए."

आत्यांची गाडी तोवर जबलपूरच्याही पुढे गेली होती. मी त्या माणसावर इतकी ओरडले की शेजारच्या गच्चीवरची बाई कपडे वाळत घालायची थांबून बघायला लागली. नवरा म्हणाला, "तिला सांगू नकोस." त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्यांचा फोन आला. "घरी पोचले. चहा केलाय. तिकडं पाऊस थांबला का?"

"नाही अजून," मी म्हटलं.