अंग सोडण्याचा डाव

बेळगावच्या डेपोत भरती झालो तेव्हा डॉक्टरने माझी छाती दोनदा मोजली. दोन्ही वेळा ती जेमतेमच भरली. आमच्या दिग्गीच्या जंगलाकडची माणसं अशीच, डोंगर चढून आणि लाकडं ओढून वाळलेली. तरी मला घेतलं आणि नाईक भैरूच्या सेक्शनमध्ये टाकलं.

भैरू खानापूरकडचा. बाप त्या भागातला नावाजलेला पैलवान, आणि भैरूचं वजन माझ्या दुप्पट. रविवारी परेड नसे, तेव्हा बराकीमागच्या मातीत कुस्त्या चालत. पहिल्याच रविवारी त्याने मला गमतीने आत ओढलं. कमरेला धरून उचललं तशी सगळी कंपनी हसली. मी अंग सोडून दिलं. ढिलं अंग ताठ अंगापेक्षा जड लागतं. पकड बदलायला त्याने हात किंचित सैल केले, तेवढ्यात मी बाजूने घसरलो आणि पायात पाय घातला. बाकीचं त्याच्या वजनानेच केलं. नाईकसाहेब मातीत.

कुठल्या वस्तादाकडे शिकलास, असं त्याने विचारलं. वस्ताद कसला! सागाचा ओंडका उतारावरून आणताना जो छाती लावून अडवतो तो चिरडतो. आपण बाजूला राहायचं आणि पहारीने त्याचं टोक वळवायचं. मी एवढंच सांगितलं. त्याने मनात डूख धरला असता तर माझं जिणं हराम झालं असतं. उलट तो रोज माझ्याकडून तो डाव घटवून घेऊ लागला. त्याला काही जमेना. सैल पडायचं म्हणजे पैलवानाला लाज वाटते. रेड्याला नाचायला शिकवतोय, असं मी म्हणायचो आणि तो हसायचा. आमचं जुळलं ते तिथून.

मग तुर्कांशी लढाई लागली आणि पलटण जहाजाने इराकात बसऱ्याला उतरली. जमीन ताटासारखी सपाट. पहाटे स्टँड-टू, म्हणजे रायफली रोखून खंदकात सज्ज उभं राहायचं, मग खंदक खणायचे, पाणी आणायचं, माश्या मारायच्या. मी जंगलात वाढलेला. गोळ्यांपेक्षा सावली नसल्याचाच मला जास्त जाच झाला.

एका दुपारी तुर्कांच्या खंदकावर चालून जायचा हुकूम झाला. अर्ध्यावर बगलेतून मशीनगन सुरू झाली आणि हल्ला मोडला. सुभेदारसाहेब ओरडले, "पीछे, बाँध तक!" मागे जुन्या कालव्याचा बांध होता. भैरू मांडीत गोळी लागून पडला होता. नुसत्या जोरावर तो देह मला उचलवला नसता. कंबर त्याच्याखाली नेली, तोल साधला आणि त्याला खांद्यावर घेऊन उभा राहिलो. पळणं मात्र शक्य नव्हतं. पाऊल टाकावं तिथे गोळ्यांनी धूळ उडत होती.

थोडं गेलो आणि भैरूचं अंग सैल पडलं. मला वाटलं, गेला. पकड बदलायला थांबलो, तसा तो बाजूने घसरून खाली उतरला. डोळे उघडे होते.

"जमला गा डाव," तो म्हणाला. "आता तू जा."

मी त्याला शिवी हासडली आणि परत उचललं. त्याने परत तेच केलं. तिसऱ्यांदा हात घातला तेव्हा माझ्या दंडातून गोळी आरपार गेली. बोटं मिटेनात.

"माझ्या वजनाखाली तू मरायचं न्हाई. ऑर्डर हाय, देवू."

मी हललो नाही. मग त्याने रायफल ओढली, पालथा झाला आणि कोपरांवर सरपटत तुर्कांच्या दिशेने निघाला. मला मागे पाठवायला त्याच्याकडे तेवढाच उपाय उरला होता. त्याने फायर सुरू केला आणि मशीनगन त्याच्याकडे वळली. मी बांधाकडे धावलो.

संध्याकाळी दोन्ही बाजूंनी जखमी उचलण्यासाठी गोळीबार थांबवला. मी सोडलं होतं तिथून तो बराच पुढे सापडला. मी त्याच्याजवळ बसून रडलो.

पलटण हिंदुस्थानात परतल्यावर मी घरी जाण्याआधी खानापूर गाठलं. भैरूचे वडील आप्पा ओट्यावर बसले होते. कान मोडलेले, मान अजून ताठ. आत त्याची आई रडत होती. मी काही न लपवता सगळं सांगितलं. शेवटी आप्पांनी विचारलं,

"उचलायला तूच गेलतास?"

"व्हय, आप्पा."

"पाठ लागली हुती काय रं त्येची?"

"न्हाई. पालथाच हुता. तोंड फुडं."

आप्पा उठले आणि दारात जाऊन आत म्हणाले, "रडू नगंस. पोरगा चीत झाला न्हाई."

आतलं रडणं थांबलं नाही. मग म्हातारा परत येऊन माझ्या शेजारी बसला आणि तोही रडला.