आमच्या घरचा वाटा

मटण काऊन सोडलं, असं मले सारे विचारून राह्यले. कोणी म्हणते माळ घातली, कोणी म्हणते डॉक्टरनं सांगितलं. आज सांगतोच.

उन्हाळ्यात मोहफुलं वेचाले गेलेल्या आमच्या बाबाले वाघानं मारलं. जे सापडलं, ते चादरीत बांधून घरी आणलं. तवापासून मटण पाह्यलं की किळस नाई येत, रडू नाई येत. फक्त घास तोंडात जात नाई.

आज पोळ्याची कर. गावानं मिळून बकरा कापला. मारोतीभाऊ पळसाच्या पानांवर घराघराचे वाटे टाकत होते. आमचा टाकू नका, हे सांगाले मी गेलो.

"तुमचा नाईच टाकला," ते मान वर न करता म्हणाले.

सारे आपापला वाटा घेऊन गेले. मारोतीभाऊनं सुरी धुतली आन् रिकाम्या हातानं घराकडे निघाले.

"भाऊ, तुमचा वाटा?"

"मलेही नाई जात आता."

त्या दिवशी चादरीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं.

घरी येऊन वांग्याची भाजी खाल्ली. तिचीही चव लागली नाई. तुमच्यापैकी कोणाची गेलेली चव परत आली असन, तर सांगा.