झोळात बसलेली फटफटी

सासरी सगळ्यात जास्त काय आवडलं असं मला कुणी विचारलं, तर मी आजही न लाजता सांगेन: फटफटीची मागची सीट. नवऱ्याचा नंबर त्याच्यानंतर, आणि हे त्यांनाही माहीत होतं.

हे डॉक्टर होते. आसपासच्या खेड्यांतून बोलावणी यायची, म्हणून विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी फटफटी त्यांनी घेतली होती. माझं माहेर वळसंगचं, शेतकऱ्याचं. त्या बाजूला एखादा रोगी असला की हे मला मागे बसवून माहेरी सोडत आणि परतताना घेऊन येत. माणसांनी भरलेल्या आमच्या सोलापूरच्या घरात नवराबायकोनं दिवसाउजेडी दोन शब्द बोलायचे म्हणजे दहा जणांचे कान टवकारलेले. पण सोलापूर मागे पडलं, दोन्ही अंगांना ज्वारी लागली, की मी जे तोंड उघडायची ते वळसंगची वेस येईपर्यंत मिटायची नाही. फटफटीच्या आवाजात माझं निम्मं बोलणं त्यांना ऐकूच जात नसे. तरी ते मान हलवत. मला तेवढं पुरे व्हायचं.

या सुखाचा एकच वैरी होता, तो म्हणजे बाभळीचा काटा. दर दोन-चार फेऱ्यांनी मागचं चाक बसायचं. मग घरामागच्या गोठ्यात फटफटी उचलून धरून चाक काढायचं, ट्यूबला ठिगळ लावायचं. गोठा मुळात गाईचा. फटफटी आल्यावर गाईची रवानगी बाहेर लिंबाखाली झाली होती, आणि ती तिथून आत बघत रवंथ करायची. गाडीच्या मागच्या स्टँडचा एक पाय वाकलेला. म्हणून यांनी एकदा विटांचे दोन थर रचून त्यांवर गाडी चढवली आणि स्वतः खाली वाकले. वीट सरकली. गाडी आडवी झाली ती यांच्या पायाला चाटूनच.

आवाज ऐकून मामंजी धावत आले. माझे सासरे निवृत्त हेडमास्तर. घरातसुद्धा शाळेसारखं बोलायचे. त्यांनी आधी मुलाचा पाय चाचपून पाहिला. मग म्हणाले, "आणखी एकदा ही पडली, की या घरातून गेली. टांगा ठेव." एवढं बोलून ते आत गेले, पण मुलाच्या पायाला लावायला स्वतःच हळद उगाळून घेऊन आले. त्यामुळे मला त्यांचा रागही धड करता येईना. टांगा आला म्हणजे पुढे टांगेवाला बसणार, मध्ये औषधांची पेटी, आणि मी घरात. माझा जीव थोडा थोडा झाला.

पुढच्या वेळी चाक बसलं तेव्हा यांना एक नामी युक्ती सुचली. वळसंगला त्यांनी बैलाला नाल मारताना पाहिलं होतं. बैलाला दोर लावून अलगद आडवा पाडतात, मग त्याचे खूर हाताशी येतात. "जी आधीच निजली आहे, ती पडणार कशी?" हे मला म्हणाले. मलाही ते पटलं. आम्ही दोघांनी कडब्याच्या पेंढ्या पसरल्या आणि फटफटीला बाळंतिणीसारखं जपून कुशीवर निजवलं. चाक खरंच हाताशी आलं. पण बैलाच्या पोटातून काही सांडत नाही. फटफटीच्या टाकीतून पेट्रोल सांडायला लागलं. झाकणातून धार, खालून तेल, आणि सगळा कडबा चिंब.

तेवढ्यात मामंजी दारात.

"पडली?" त्यांनी विचारलं.

"नाही, निजवलीय," हे म्हणाले.

मामंजींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं. मला इतकं हसू येत होतं की मी पदर तोंडात कोंबला. शेवटी ते म्हणाले, "ही पडली असं मी यावेळी धरत नाही. पण पुढच्या वेळी ही मला उभी दिसली पाहिजे. आणि तो कडबा चुलीपासून लांब नेऊन टाका." गाईनं तर पुढे चार दिवस गोठ्याकडे पाठच फिरवली.

चाक तसंच बसलेलं राहिलं. पण बैलावरून मला दुसरं काही आठवलं. आजारी बैल बसला की उठत नाही. त्याला उभा करायला माझ्या वडिलांकडे, आप्पांकडे, झोळ होता: गोणपाट दुहेरी शिवून केलेले रुंद पट्टे, टोकांना मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर. पट्टे पोटाखालून घ्यायचे, नाडा तुळईवरून टाकायचा आणि जनावर हळूहळू उचलायचं. बाजाराला आलेल्या वळसंगच्या एका गाडीवाल्याबरोबर मी निरोप दिला, "आप्पांना म्हणावं, झोळ पाठवा." कशाला हवा ते सांगायचा मला संकोच वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोळ आला, आणि झोळामागून स्वतः आप्पा आले. बैलगाडीत हिरवा चारा, गुळाची ढेप, तेलाची बाटली. चेहरा सुतकी.

"गाय कुटं हाय?" त्यांनी उतरता उतरताच विचारलं. "कवापास्नं बसलीया?"

गाय लिंबाखाली उभी होती. तिनं चारा पाहून हंबरून दाखवलं.

"आप्पा, गाईला काही झालं नाही," मी म्हटलं. "फटफटीला उठवायचंय."

आप्पा आधी माझ्याकडे, मग जावयाकडे बघत राहिले आणि मग असे हसले की बैल दचकले. "लई भारी! मी आपला वाटभर देवाला हात जोडत आलो की!"

मग काय, त्यांना चेवच आला. त्यांनी तुळईला लोंबकळून बघितलं. झोळ इंजिनाखालून घातला, कारण त्यांच्या हिशेबानं पोट तेच. ओढल्यावर फटफटीचं तोंड वर आणि शेपूट खाली. "आप्पा, हिचं तोंड खालीच राहू द्या, आपल्याला मागचं अंग उचलायचंय," असं म्हणत यांनी पट्टे सीटखालच्या लोखंडी दांड्याशी घेतले. पेट्रोल आधीच काढून ठेवलं होतं. पुढच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावले. आप्पा म्हणाले, "दोरावर इस्वास टाकायचा न्हाय. दोर तुटला तर जनावर बसलं पायजे, पडाय नको." म्हणून भुसा गच्च भरलेली पोती दोन्ही कुशींना आणि इंजिनाखाली ओंडका. नाडा खुंट्याला वेढे देऊन बांधला. मागचं चाक जमिनीपासून वीतभर वर, हवेत!

तेव्हा मामंजी आले. कुणालाच खाली हात घालू दिला नाही. स्वतः पुढे झाले आणि फटफटीला दोन्ही हातांनी ढकललं. मग दुसऱ्या अंगानं ढकललं. गाडी पोत्याला जरा टेकली आणि जागच्या जागी राहिली. मामंजींनी परत एकदा, चांगला खांदा लावून जोर केला. काही नाही.

"उभी आहे," ते म्हणाले. "काढ चाक." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

काटा निघाला, ठिगळ लागलं, फटफटी खाली उतरली. दुपारी दोघे व्याही पोटभर जेवले. आप्पा निघाले तेव्हा त्यांनी जाता जाता फटफटीच्या सीटवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. मामंजींनी ते पाहिलं. ते आज फार खुशीत होते.

"व्याही, तुमची गाडी आमचा गडी आणील मागून. तुम्ही फटफटीवर बसून जा."

आप्पांचे डोळे लकाकले. माझं मन मात्र खट्टू झालं, खोटं कशाला बोलू. पण बापाला नको म्हणणार कोण?

आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "न्हाय मास्तर," ते म्हणाले, "ती जागा माझ्या लेकीची हाय. मी आपला बैलांसंगं जातो."

मामंजींनी चष्मा काढला, पुसला, लावला. मग मुलाला म्हणाले, "मग सूनबाईला ने. आणि सावकाश या, घाई नको."

त्या दिवशी वळसंगच्या बाजूला एकही रोगी नव्हता, आणि हे मामंजींना ठाऊक होतं.

वाटेत आप्पांची बैलगाडी आम्ही मागे टाकली. त्यांनी हात उंच केला. पुढे ज्वारी सुरू झाली, तरी माझ्या तोंडून शब्द फुटेना. हे मान वळवून ओरडले, "काय झालं? आज गप्प का?"

"काही नाही," मी म्हटलं. "चालवा तुम्ही."

त्यांनी मान हलवली.