दोन उरले की थांबायचं

समोरच्या बाल्कनीतले आजोबा रोज चार वाजता दोन कप चहा आणतात. एक पितात, दुसरा निवला की कुंडीत ओततात.

मी कॉलेजात ठिपके आणि रेघांचं गणित शिकवायचो. निरनिराळ्या दिसणाऱ्या दोन आकृत्यांची जोडणी आतून एकच आहे का, हे झटकन ओळखायची हमखास रीत अजून कुणाला सापडलेली नाही. पण आकृती झाडासारखी फांद्याफांद्यांची असेल, तर सोपं. टोकांवरचे सगळे ठिपके पुसायचे, मग नव्या टोकांवरचे. शेवटी मधोमध एक उरतो, नाहीतर दोन. तिथून दोन्ही झाडं ताडून पाहायची.

हे ऐकून माझी बायको सुमन म्हणाली होती, "आपल्यासारखंच की! मुलं गेली, मधले दोघं उरलो."

"दोन उरले की थांबायचं असतं," मी ऐटीत म्हणालो होतो. गणितात थांबतात.

आज माझ्याही हातून दोन कप भरले गेले. तसेच घेऊन बाल्कनीत आलो.

"कोणी आलंय का?" समोरून आजोबांनी विचारलं.

"नाही हो."

त्यांनी माझ्या दुसऱ्या कपाकडे पाहिलं आणि आपला निवलेला दुसरा कप कुंडीत ओतला.