दोन मिनिटांचा फोटो

सदर बाजारातल्या फुटपाथवर टेबल मांडून बसणारा तो घड्याळवाला मान वर न करताच बोलतो. "पाहून राहिलो नं," एवढंच. भिंगाऐवजी नुसतं बारीक छिद्र असलेल्या माझ्या पत्र्याच्या डब्याच्या कॅमेऱ्यात फोटो पुसट येत होते. मी सुईनं पाडलेलं ते छिद्र त्यानं त्याच्या भिंगातून पाहिलं, कड घासून गुळगुळीत करून दिली. मग त्याच्याचसमोर, भर बाजारात, डबा रोखून मी फोटोसाठी दोन मिनिटं छिद्र उघडं ठेवलं.

घरी फोटो धुतला, तर रस्ता रिकामा! मी वैतागून पुन्हा त्याच्याकडे गेलो.

"डबा बराबर आहे गा भाऊ. कोणी थांबलंच नाही, तं डबा काय करन?"

मी फोटो परत निरखला. अख्ख्या बाजारातून एकटा तोच उमटला होता. घड्याळावर धरलेल्या हाताची बोटंसुद्धा मोजता येत होती. मी मोजली.