उसासारखा वाढवलेला युक्का

मुलानं पुण्याहून युक्का आणला, तलवारीसारख्या पानांचं शोभेचं झाड, तेव्हा बजावून सांगितलं, "आई, या झाडाला काहीच करावं लागत नाही." काहीच न करणं आमच्या आष्ट्याच्या घरात कुणाला जमलंय?

त्यात ह्यांची नुकतीच बायपास झालेली. डॉक्टरांनी शेतात पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ऊस पुतण्याच्या हाती गेला आणि ह्यांच्या वाट्याला अंगणातला युक्का आला. झाडाचं नशीबच फळफळलं. रोज पहाटे पाइप धरून हे आळ्यात तळं साचेपर्यंत उभे. मग युरिया पडला. मग उसाला लावतात तशी बुंध्याला मातीची भर लागली. पानं पिवळी पडली तर वर शेणखत. खोड दाबलं की बोट आत जायला लागलं.

"आवं, पाणी जास्त हुतंय त्याला," मी म्हणाले.

"तुमच्या आटपाडीकडं पाणी बघितलंय का कुणी? मला शिकवतीया."

खरंच फार नव्हतं बघितलं. माझ्या माहेरी टँकर आला की आधी माणसं, मग मेंढरं, झाडांची पाळी यायचीच नाही; तरी बांधावरचा घायपात, युक्क्याचाच भाऊबंद, माजलेला असायचा. पण कृष्णाकाठच्या माणसाला पाणी पाजल्याशिवाय माया करता येत नाही.

हे तपासणीला मिरजेला गेले, त्या दिवशी मी झाड उपटलं, सडकं तेवढं कापलं आणि सावलीत वाळत टाकलं. परत आल्यावर ह्यांनी एकच शब्द काढला, "मारलंस." झाड वाळल्यावर मी ते मुरुमात लावलं आणि पाइप माळ्यावर टाकला.

युक्का सुधारला. हे बिघडले. पहाटे उठेनात. दिवसभर टीव्हीसमोर बसायचे आणि काय बघितलं विचारलं तर सांगता यायचं नाही. पुतण्या उसाचं सांगायला आला तरी नुसतं हं हं. बायपासच्या वेळी मी घाबरले नव्हते एवढी आता घाबरले.

एके सकाळी शेंड्याला नवं पान दिसलं. मी हौसेनं हाक मारली, "आवं, या की, पान फुटलंय."

ते आले. वाकून बघितलं. "माज्याबिगर आलं की," म्हणाले आणि आत जाऊन बसले.

माझ्या शहाणपणाचे पेढे वाटायचे राहूनच गेले. दुपारी मी माळ्यावरचा पाइप काढून नळाला जोडला. "पान सुकल्यागत दिसतंय, बघा जरा," म्हटलं. सुकलं बिकलं काही नव्हतं.

"आता आठवण झाली व्हय," म्हणत त्यांनी चपला पायात सरकवल्या. संध्याकाळी चिखलानं भरलेले पाय घेऊन आत आले आणि भाकरी मागून घेतली.

थोड्या दिवसांनी खोड पुन्हा मऊ लागायला लागलं. मी नर्सरीवाल्याला फोन करून ठेवला, तसलाच एक बाजूला काढून ठेव म्हणून.