नथ घातलेली गौराक्का

दुपारचं जेवण झालंय. पडवीतल्या खुर्चीत मी ताठ बसलोय, मांडीवर कॅमेरा आहे आणि कॅमेऱ्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक पोटावर उपडं पडलंय. पळणाऱ्या विषयाचे छायाचित्र घेताना अमुक बटण अर्धे दाबून ठेवावे, असं त्यात लिहिलंय. विषय म्हणे! ज्यानं हे लिहिलं त्याला आमचे विषय एकदा दाखवले पाहिजेत. तुफान आणि मैना पडवीच्या कडेला जिभा काढून पडलेत. कारवान जातीची कुत्री, जत तालुक्यात वाऱ्यासारखी पळणारी म्हणून नावाजलेली, पोटं पाठीला लागलेली आणि पाय नुसते लांबच लांब. सकाळपासून मी त्यांचे दोनशे फोटो काढलेत. त्यात शेपट्या आहेत, एक मागचा पाय आहे, भरपूर धूळ आहे. कुत्रं एकातही नाही.

मी संतापलोय, हे आधीच सांगून टाकतो. पापण्या जड होतायत तरी संताप उतरत नाही.

परवा गौराक्काचं वर्षश्राद्ध आहे. गौराक्का माझी थोरली बहीण, ही कुत्री तिची. गेल्या माघात दूध तापवायला म्हणून चुलीपुढं बसली ती उठलीच नाही. त्याआधी तीन महिने, मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि हा कॅमेरा घेतला, तेव्हा तिनं एवढंच मागितलं होतं, की माझ्या पोरांचा पळतानाचा एक फोटो काढ. तो माझ्याच्यानं झाला नाही. ती गेली आणि कॅमेरा कपाटात गेला. आता परवाच्या दिवसासाठी तो बाहेर काढलाय. तिच्या फोटोशेजारी तिच्या कुत्र्यांचा फोटो लावायचा, असं मनात आहे.

तिच्या फोटोबद्दल मात्र मला बोलायचं नाही. आतल्या खोलीत भिंतीवर आहे तो. वर्षभर रोज बघून बघून आता माझ्या डोळ्यांपुढं तोच येतो. खरी गौराक्का कशी दिसायची ते मला आठवत नाही. ज्या बाईनं मला कडेवर वाढवलं तिचा चेहरा मला आठवत नाही, आणि हे मी सुलोचनेलासुद्धा, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही.

पोटावरचं पुस्तक घसरतं. उचलायला वाकतो तर खाली पडवीची फरशी नाही, शाळेचं पटांगण आहे. प्रार्थनेची वेळ झालीय. ओळीत पोरं नाहीत, कुत्री उभी आहेत, उंचीप्रमाणे, बुटकी पुढं आणि उंच मागं. मी गळ्यात कॅमेरा अडकवून समोर उभा आहे.

"सावधान!" मी ओरडतो. "कुणी हलायचं नाही!"

सगळी कुत्री हलतात.

"कुत्र्यास्नी सावधान करतोयस व्हय रं, शिरप्या?"

आवाज मागून येतो. चौतीस वर्षं मला लोक गुरुजी म्हणालेत, सर म्हणालेत, श्रीपतराव म्हणालेत. शिरप्या म्हणणारं माणूस एकच होतं. मी वळतो. ती पाठमोरी बसलीय, एका कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा सैल करतेय. लुगड्यावर माझाच जुना निळा शर्ट घातलाय, शेतात जाताना घालायची तसा, बाह्या कोपरापर्यंत दुमडून.

"अक्का," मी म्हणतो, "तू तर गेलीस ना?"

"गेलेवते. ऱ्हाऊ देतोयस कुटं?" ती मागं न बघता बोलते. "चल. मला त्यो फोटू दाव."

"कुठला?"

"सोंग करू नगंस. भित्तीवरचा."

ती उठते आणि सातवीच्या वर्गाचं दार ढकलते. मी तिच्या मागं जातो. आत फळा नाही, बाकं नाहीत. आत भिंतीवरचा फोटो जिथं करून घेतला तो तालुक्याच्या गावातला स्टुडिओ आहे, मागच्या पडद्यावर धबधबा रंगवलेला. स्टुडिओवाला संगणकापुढं बसून त्यातल्या माझ्या बहिणीच्या गालाला पावडर लावतोय, खरीखुरी, डब्यातली, पफनं. आम्हाला बघून तो मान वर करत नाही.

गौराक्का अजून माझ्याकडं पाठ करून आहे. ती संगणकावरच्या बाईकडं बोट दाखवते. "ही बाई कोन हाय?"

"तू आहेस."

"मी? आन् हे अंगावर काय हाय?"

"पैठणी. हिरवी." माझा आवाज बारीक होतो. "आमच्याकडं तुझा फोटोच नव्हता, अक्का. मतदानाच्या ओळखपत्रावरचा काय तो एक होता. त्यातला चेहरा घेऊन यांनी खालचं सगळं जोडलं. सगळ्यांचे असेच करतात हल्ली. पाहुणे म्हणाले, झकास आलाय."

"आन् तू काय म्हनलास?"

मी पावडरच्या डब्याकडं बघतो.

"नाकात काय हाय तिच्या?"

ह्या प्रश्नाची मला वर्षभर भीती होती. मी दहा वर्षांचा होतो, ती एकोणीस. नवऱ्यानं नांदवायची नाही म्हणून सांगितलं, आणि वडील तिला आणायला गेले तेव्हा मीही बरोबर होतो. बैलगाडी दारात उभी होती. सासूनं उंबऱ्यातच तिला थांबवलं आणि तिच्या नाकातली नथ स्वतःच्या हातानं उतरवून घेतली. घाईत ओढली, रक्त आलं. त्यानंतर गौराक्कानं नाकात काडीसुद्धा घातली नाही. लग्नाकार्यात बायका आग्रह करायच्या तेव्हा ती गोठ्यात जाऊन बसायची. हे मला माहीत होतं. स्टुडिओवाल्यानं विचारलं, गुरुजी, नथ टाकू का, भारदस्त दिसेल, तेव्हाही मला माहीत होतं. आणि मी म्हणालो, टाका.

"नथ आहे," मी म्हणतो.

"मेल्यावर घातलीस व्हय," ती म्हणते. "जित्येपनी कुनाची हिंमत झाली न्हवती."

मला राग येतो. स्वतःचा यायला हवा, पण येतो तिचाच. "मग काय करायचं होतं मी? एक तरी फोटो काढून दिलास कधी? कॅमेरा दिसला की तुझी कुत्री आणि तू, तिघंही पसार! आणि न सांगता गेलीस ती गेलीस!"

"सांगून जायाला मी काय बाजारला चाललेवते?"

"दवाखान्यात नेलं असतं!"

"आन् दूद कुनी बगितलं असतं? उतू गेलं असतं की."

"गेलंच ते उतू!" मी ओरडतो. स्टुडिओवाला पावडर लावतच राहतो. धबधब्याच्या पडद्यावरून धूळ उडायला लागते, पिवळी, नाकातोंडात जाणारी, आणि आम्ही शर्यतीच्या माळावर उभे असतो.

हा माळ मला पाठ आहे. शर्यत अशी असते, की एका टोकाला कुत्रं धरून ठेवतात आणि दुसऱ्या टोकाला त्याचं माणूस उभं राहून हाका मारतं. कारवान दुसऱ्या कुणासाठी पळत नाही. शेवटचे तीन महिने मी ह्याच माळावर रोज सकाळी कॅमेरा घेऊन यायचो. मी इकडच्या टोकाला, कुत्र्यांच्या मागं. तिकडच्या टोकाला गौराक्का, दोन्ही हात वर करून ओरडायची, "आलं माजं लेकरू! आलं माजं त्वान!" तुफानला ती त्वान म्हणायची.

आताही ती तिकडच्या टोकाला आहे, लांब, पाठमोरी. तरी तिचा आवाज माझ्या शेजारून येतो.

"तीन म्हैनं ती नळी डोळ्याला लावून हितं बसत हुतास. मग माजा फोटू न्हाई कसा?"

"कुत्र्यांचे काढत होतो."

"कुत्री कुनाकडं पळत हुती?"

"तुझ्याकडं."

"मग?"

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आता तुम्हाला सांगतो. पळतं कुत्रं डोळा मिचकावायच्या आत निघून जातं. कॅमेरा त्याला पकडू बघतो, ते सुटतं, आणि मग कॅमेरा मागं जे स्थिर आहे ते पकडतो. चारशेच्या वर फोटो होते. प्रत्येकात पुढं कुत्र्याचा नुसता फराटा आणि मागं गौराक्का, लख्ख. हात वर केलेली, तोंड उघडलेलं, शर्टाची बटणंसुद्धा मोजता येत होती. आणि शहरातून आलेल्या फोटोग्राफीच्या सरांनी शिबिरात सांगितलं होतं, की विषय हलला तर फोटो फसला, आणि फसलेला फोटो जवळ ठेवायचा नाही. मी जन्माचा मास्तर. रोज रात्री चुकलेली गणितं खोडावीत तसे मी ते फोटो पुसत होतो. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत असायची आणि मी बाहेर बसून तिला एकेक करून पुसत होतो.

"पुसले," मी म्हणतो.

"किती?"

"सगळे."

"का रं?"

"कुत्री हलली होती."

"आन् मी?"

"तू... तू छान आली होतीस, अक्का."

तेव्हा ती वळते. लांबच्या टोकाला वळते आणि त्याच क्षणी माझ्या पुढ्यात असते. डावा कान तिच्या बोटांत सापडतो आणि ती तो असा पिरगळते, की मी चवड्यांवर उभा राहतो.

"चौतीस वर्सं लोकांच्या पोरांस्नी शिकिवलंस," ती माझ्या तोंडावर ओरडते, "आन् फुडं काय हाय ते बगाय शिकला न्हाईस!"

मी रडतोय, कान दुखतोय म्हणून, आणि ती दिसतेय म्हणून. हीच. उन्हानं रापलेली, डाव्या भुवईवर बैलाच्या शिंगाचा व्रण असलेली. खालचा एक दात पडलेला, म्हणून बोलताना जीभ दिसते. नाकपुडीवर तो जुना फाटका कोपरा, नीट न भरलेला. कपाळावर गोंदण. किती वाईट दिसतेय चिडल्यावर! किती बरं वाटतंय!

"सोड की गं!"

"सोडीन. आदी सांग, त्या बयेला भित्तीवरनं काडतोस का न्हाई?"

"काढतो."

"आन् कुत्र्यांमागं पळू नगंस, येड्या. ती मागं वळून बगनार हायत व्हय तुला? ज्याच्याकडं येत्यात त्याच्या पायाशी बस. जिमिनीला लागून. मग बग, तोंडं कशी येत्यात फोटूत!"

"कुणाकडं येतील आता?" मी विचारतो. "कुणाकडं पळतील ती आता, अक्का?"

ती कान आणखी एकदा पिळते. काहीतरी सांगते, पण कुत्री भुंकतायत, मला ऐकू येत नाही.

कुत्री भुंकतच असतात. ऊन पडवीच्या पायऱ्यांवर आलंय. पुस्तक खाली पडलंय. तुफान आणि मैना दारातल्या दूधवाल्यावर भुंकतायत, त्याच्यावर रोज भुंकतात. सुलोचना चहा घेऊन बाहेर येते आणि थांबते.

मी तिच्याशी न बोलता आत जातो. स्टूल घेतो, चढतो, भिंतीवरची ती पैठणीतली बाई खाली उतरवतो आणि मागचे खिळे काढायला लागतो.

"अहो, काय करताय? परवा पन्नास माणूस येईल. मग हार कुठल्या फोटोला घालायचा?"

"हाराचं बघू मग. ही गौराक्का नाही. तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि सगळे हात जोडून म्हणाले, झकास आलाय! एकानं तरी विचारावं की नाही, की ही नथवाली कोण?" माझा आवाज चढलाय. फ्रेममधून कागद सुटतो, त्याच्या मी चार चिंध्या करतो. "नाकावर व्रण होता तिच्या. भुवईवर होता. दात पडलेला होता. मी सांगतो कशी होती, तू लिहून घे. आत्ता घे, मला पुन्हा विसरायचं नाही."

सुलोचना कागद आणायला जात नाही. ती माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहते आणि पदरानं चष्मा पुसून बघते.

"लालभडक झालाय कान. नख लागलंय मागं, रक्त आलंय जरा." ती बोट लावते, मी कळवळतो. "खुर्चीत तर बसला होतात ताठ. कुणी पिरगळला म्हणावं तर..."

तिचं वाक्य तिथंच राहतं. मग ती हलकेच म्हणते, "थांबा, हळद लावते."

"हात लावू नको!" मी खेकसतो, तिनं दचकावं इतक्या जोरात. "हळद लावलीस तर बरा होईल तो."